भूप शिकवणाऱ्या बाई

माझ्या गाण्याच्या बाईंनी कधी तिकिटाची मैफल केली नाही. आकाशवाणीच्या ऑडिशनमध्ये आपण नापास झालो, हे त्या स्वतःच सांगत. डोंबिवलीत त्यांच्या बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बसून आम्ही शिकायचो. ‘ज्यांना स्वतःला जमलं नाही त्या हिला काय शिकवणार?’ असं आमच्या घरात उघड बोललं जाई. म्हणूनच बारावीनंतर मला एका नामवंत गायकांकडे घातलं.

त्यांचं गाणं ऐकताना अंगावर काटा यायचा. पण माझा भूप बिघडे. ते म्हणत, “हा भूप नव्हे,” आणि गाऊन दाखवत. “आता असं म्हण.” मी म्हणे, पुन्हा तेच. त्यांना तो राग इतका सहज वश होता, की दुसऱ्याचं पाऊल कुठे अडतं ते त्यांना दिसतच नसे. ते वैतागत आणि माझा आवाज आणखी आत जाई.

शेवटी बाईंकडे गेले. थोडी आलापी ऐकून त्यांनी मला थांबवलं. “धैवतावर मुक्काम करतेस गं तू. पाच स्वर तेच, पण धैवत मोठा केलास की देसकार डोकावतो. भूपात गंधाराकडे यायचं.” मग कित्येक दिवस त्यांनी मला पंचमाच्या वर जाऊच दिलं नाही. गंधारावर कुठून कुठून येता येतं, एवढंच घोटून घेतलं. धैवताला नुसतं शिवून खाली कसं यायचं, ते त्यानंतर. एवढ्या पटकन कसं ओळखलंत, विचारलं तर म्हणाल्या, “माझंही हेच व्हायचं. सुटता सुटत नव्हतं.”

बाई बंदिशी शिकवत त्या भातखंड्यांच्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’तून. विष्णु नारायण भातखंडे शिक्षणाने वकील. त्यांचं नाव मैफली गाजवणारा गवई म्हणून झालं नाही. तरी १९२६ साली लखनौचं मॅरिस कॉलेज उभं राहिलं ते त्यांच्या ध्यासातून, आणि श्रीकृष्ण रातंजनकर तयार झाले ते त्यांच्या तालमीत. क्रिकेटमध्ये रमाकांत आचरेकर तर एकच प्रथम श्रेणी सामना खेळले; सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, प्रवीण आमरे त्यांच्याच हाताखाली घडले.

याचा अर्थ कुणीही शिकवावं असा मी काढत नाही. बाईंनी वर्षानुवर्षं पहाटे तानपुरा लावून स्वर घोटले होते, म्हणून तर त्यांच्या कानाला माझा धैवत खटकला. नुसतं पुस्तक वाचून परीक्षांची तयारी करून घेणाऱ्याला तो ऐकूच आला नसता. शिकवणाऱ्याच्या गाठीला रियाज हवाच. टाळ्या मिळाल्या की नाहीत, हा प्रश्न वेगळा.

मुलांना गाण्याच्या क्लासला घालणाऱ्या पालकांना माझी विनंती आहे: भिंतीवरची प्रशस्तिपत्रं पाहून ठरवू नका. तिथे शिकणारं एखादं मूल चुकलं की शिक्षक काय करतात, ते तासभर बसून बघा.