तिवराचं पान आणि विमान

पावसाळा सरता सरता भाईंदर पूर्वेच्या खाडीकाठचा तिवरांचा एखादा पट्टा तपकिरी पडला, की गोडदेवमधले ओळखीचे लोक मला हमखास विचारतात, "तिवरं मेली का हो?" बहुतेक वेळा ती मेलेली नसतात. सागाची पानं खाणारी हिब्लिया प्युएरा नावाच्या पतंगाची अळी मुंबई-ठाण्याच्या खाड्यांत तिवरावरही तुटून पडते. पानं फस्त करून ती कोशात जाते आणि काही आठवड्यांत फांद्या पुन्हा फुटतात. या पट्ट्याची मला काळजी वाटत नाही.

काळजी वाटते ती हिरव्यागार दिसणाऱ्या पट्ट्याची, जिथे राडारोडा पडून भरतीचं पाणी आत यायचं थांबलं आहे. तिथली पानं रस्त्यावरून ठीकच दिसतात; आत मात्र हरितद्रव्य उतरणीला लागलेलं असतं. हे ओळखायला विमानातला वर्णपटमापक लागतो. निरोगी पान ६७० नॅनोमीटरच्या आसपासचा तांबडा प्रकाश पिऊन टाकतं आणि ७५०च्या पुढचा अवरक्त प्रकाश भरभरून परतवतं. आलेखात या दोहोंमध्ये घाटासारखी उभी चढण येते. हरितद्रव्य घटलं की ती चढण तांबड्याच्या बाजूला सरकते. सरकते ती काही नॅनोमीटरच, पण तेवढं पुरतं. पानातलं पाणी ९७० आणि १२०० नॅनोमीटरजवळ खूण सोडतं. नत्र आणि लिग्निन यांच्या खुणा आणखी पुढे असतात. ओल्या पानात पाणी त्या झाकून टाकतं, म्हणून त्या वाचताना मी हात राखूनच बोलतो.

आपल्या देशात दूरसंवेदनाची सुरुवातच आजारी झाडांपासून झाली. १९६९-७० च्या सुमारास पी. आर. पिशारोटी यांनी हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर केरळातल्या माडांचे फोटो घेतले आणि रूट विल्ट रोगाने ग्रासलेली झाडं वेगळी काढली. पुढे डिसेंबर २०१५ ते मार्च २०१६ या काळात इस्रो आणि नासा यांनी मिळून एव्हिरिस-एनजी हा वर्णपटमापक इस्रोच्या बी-२०० विमानातून देशभर फिरवला. ३८० ते २५१० नॅनोमीटरचा पट्टा हे यंत्र पाच-पाच नॅनोमीटरच्या फरकाने वाचतं. सुंदरबन आणि भितरकनिकाची खारफुटीही त्यात टिपली गेली.

पण विमानाच्या आकड्यांना अर्थ येतो तो चिखलात उभं राहून तोडलेल्या पानांमुळे. तिवर जादा मीठ पानावरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतं. उन्हात ते वाळलं की पानावर बारीक पांढरी कणी चमकते, बोटाला खरखरीत लागते, जिभेला खारट. हे मीठ पुसायचं की नाही? प्रयोगशाळेला पुसलेलं पान हवं, विमान मात्र मिठासकट पाहतं. म्हणून मी तेच पान आधी मिठासह मोजतो, ओल्या कापसाने पुसून कोरडं करतो, पुन्हा मोजतो आणि मगच बर्फाच्या डब्यात टाकतो. प्रत्येक मोजणीआधी पांढऱ्या प्रमाण-पट्टीवर यंत्र जुळवून घ्यायचं. ऊन बदललं की आकडेही बदलतात. शिवाय भरतीचं वेळापत्रक खिशात हवं. विरळ तिवरांखाली पाणी भरलेलं असताना उड्डाण झालं, तर पाणी अवरक्त प्रकाश गिळतं आणि धडधाकट झाडं आजारी ठरतात. आमच्या कामातल्या बऱ्याच चुकीच्या नकाशांचं मूळ झाडांत नसतं, पाण्यात असतं.

देशाच्या वनस्थिती अहवालात खारफुटीचं क्षेत्रफळ येतं, घनताही येते. पानाची प्रकृती अजून त्या तक्त्यात नाही. ती यायला हवी, कारण पाणी तुटलेली तिवरं वाळेपर्यंत हिरव्या हेक्टरांतच मोजली जातात. महाराष्ट्रात २०१२ पासून वनखात्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे. खाडीकाठी राहणाऱ्यांना माझी विनंती आहे: अळीने खाल्लेलं तिवर दिसलं तर थोडे आठवडे थांबा. पण उधाणाच्या दिवशीही हिरव्या तिवरांखाली पाणी पोचत नसेल, तर पानं पिवळी पडायची वाट पाहू नका, त्याच दिवशी कक्षाला कळवा.