कमी ताकदीचं पिस्तूल

दिल्ली आणि तिच्याभोवतीचा हरियाणा-उत्तर प्रदेशचा पट्टा बंदुकीकडे दोन अगदी वेगळ्या नजरांनी पाहतो. एका नजरेला बंदूक ही मिरवायची वस्तू वाटते. वरातीत हवेत झाडलेल्या गोळीनं कुणीतरी दगावल्याच्या बातम्या उत्तरेत वारंवार येत राहिल्या. अखेर २०१९ साली शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली आणि आनंदाच्या भरात केलेल्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. दुसरी नजरही याच मातीतली. झज्जरची मनू भाकर, मेरठजवळचा सौरभ चौधरी, बागपतमधल्या जोहडी गावात साठी ओलांडल्यावर पिस्तूल हाती घेणाऱ्या चंद्रो आणि प्रकाशी तोमर, या सगळ्यांनी याच पट्ट्यात कागदी लक्ष्यावर छर्रे मारले. कुपीतल्या कार्बन डायऑक्साइड गॅसवर चालणारं एअर पिस्तूल विकत घेणाऱ्यानं आपण यातल्या कुठल्या घरात चाललो आहोत, हे आधी ठरवावं. माझं म्हणणं असं, की या पिस्तुलाचं खरं मोल त्याच्या दुबळेपणात आहे. ज्याला त्यातून ताकद किंवा रुबाब हवा आहे, त्यानं चुकीची वस्तू घेतली.

हा दुबळेपणा आकड्यांत मांडता येतो. २०१६च्या शस्त्र नियमांनुसार २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या आणि ४.५ मिलिमीटर नळीच्या हवाई शस्त्राला परवाना लागत नाही. अर्ध्या ग्रॅमचा शिशाचा छर्रा सेकंदाला १४० मीटर वेगानं निघाला तर त्याची ऊर्जा पाच ज्यूलच्याही किंचित खालीच राहते, म्हणजे मर्यादेच्या पाव हिस्सा. त्यामुळे सामान्य माणसाला नेमबाजीचं दार इथं उघडं मिळतं. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८च्या आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण मिळवलं, त्या प्रकाराला .२२ची काडतुसं लागतात आणि परवान्याची पायरी चढावी लागते. एअर पिस्तुलाच्या दहा मीटरच्या सरावाला यातलं काही नको. पण परवाना नको याचा अर्थ जबाबदारी नको असा होत नाही. एवढ्याशा ऊर्जेचा छर्राही डोळा कायमचा घालवू शकतो.

नेमबाजीपुरती पाहिली तर ही ऊर्जा पुरून उरते. कागदाला भोक पडलं की काम झालं. ते कुठे पडलं, एवढाच प्रश्न. दहा गुणांचं वर्तुळ अवघं ११.५ मिलिमीटर व्यासाचं असतं आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ आठ मिलिमीटरनं बाहेर सरकतं. नवख्याला वाटतं, हात थरथरतो म्हणून गुण जातात. हिशेब वेगळंच सांगतो. अख्खं पिस्तूल सरळ राहून एक मिलिमीटर बाजूला सरकलं, तर छर्राही एकच मिलिमीटर सरकतो. दहा शाबूत राहतात. पण नेम धरायची पुढची माशी मागच्या खाचेत एक मिलिमीटर वाकडी बसली आणि दोहोंत ३२ सेंटिमीटर अंतर असलं, तर दहा मीटरवर छर्रा ३१ मिलिमीटर लांब जातो आणि दहाचे सात होतात. ही चूक बहुतेक वेळा घोडा दाबताना होते, शेवटच्या क्षणी बोट घाई करतं तेव्हा. छर्रा संथ असल्यानं नळीतून बाहेर पडायलाही त्याला जास्त वेळ लागतो, म्हणून घोडा सुटल्यावरही हात तसाच धरून ठेवावा लागतो. जोरदार शस्त्राच्या दणक्यात आणि आवाजात ही घाई लपून जाते. इथं धक्का नसल्यासारखाच, त्यामुळे दोष स्पष्ट दिसतो.

यावर जाणकार हरकत घेतील, की गंभीर नेमबाजांनी कार्बन डायऑक्साइड कधीच सोडला. स्पर्धेत आता दाबलेल्या हवेची पिस्तुलं असतात. खरं आहे, आणि कारणही पक्कं आहे. कुपीतल्या द्रवरूप वायूचा दाब तापमानाप्रमाणे बदलतो. २० अंशांना तो सुमारे ५७ बार असतो; जानेवारीच्या पाच अंशांच्या सकाळी ४० बारपर्यंत उतरतो. ३१ अंशांच्या वर तर द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही, आणि दिल्लीचा मे-जून चाळिशीच्या पुढे असतो. भराभर गोळ्या झाडल्या तर बाष्पीभवनानं कुपी गार पडते आणि वेग घसरतो. उन्हात उभ्या गाडीत अशा कुप्या ठेवणं तर धोक्याचंच. पण नवशिक्याचे गुण या फरकानं किती जातात? पॅरिस ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरनं ६००पैकी ५८० गुण मिळवले. साठ नेमांत वीस गुण गेले. त्या पातळीवर वेगाची स्थिरता पदक ठरवू शकते. ज्याचे शंभर-दीडशे गुण जातात त्याचे गुण हातामुळे आणि घाईमुळे जातात. त्याच्यासाठी दोन नेमांच्या मध्ये थांबायला लावणारा गॅस हा दोषापेक्षा शिस्तच अधिक. घोडा जड असणं हा मात्र स्वस्त मॉडेलांचा खरा दोष आहे, तो मान्य करायला हवा.

दुसरी हरकत जास्त गंभीर आहे. एअरगननं पक्षी, माकडं, भटकी कुत्री जखमी होतात. अरुणाचल प्रदेशात पक्ष्यांची शिकार थांबावी म्हणून २०२१ साली लोकांना एअरगन जमा करायला सांगणारी मोहीमच उघडावी लागली. शिवाय गॅसची कित्येक पिस्तुलं खऱ्या शस्त्रांच्या हुबेहूब नकला असतात. नाकाबंदीवरच्या पोलिसाला किंवा शेजाऱ्याला त्यांतला फरक कळत नाही, आणि कळेपर्यंत अनर्थ होऊ शकतो. या आक्षेपाला माझ्याकडे प्रत्युत्तर नाही, मार्ग आहे: नक्कल घेऊच नये. साधा, लक्ष्यासाठीच घडवलेला नमुना घ्यावा. तो बंद पेटीतून न्यावा. पोलादी गोळ्या कठीण पृष्ठभागावरून उसळून परत येतात, तेव्हा शिशाचेच छर्रे वापरावेत, आणि डोळ्यांवर चष्मा, लक्ष्यामागे छर्रे अडवणारी पेटी, सरावानंतर हात धुणं हे नेम धरण्याइतकंच सवयीचं करावं.

मग विकतच कशाला घ्यायचं, १९८२च्या आशियाई स्पर्धेसाठी उभारलेली तुघलकाबादची कर्णी सिंग रेंज आहे की, असंही कुणी म्हणेल. पण गुरुग्राम किंवा नोएडाच्या टोकावरून तिथं रोज जाणं नोकरदाराला जमत नाही आणि नेम रोजच्या थोड्या सरावानं घडतो. त्या सरावाचा मोठा भाग छर्र्याविनाच होतो: हात उचलायचा, माशी खाचेत बसवायची, घोडा दाबायचा. ही कसरत घरातल्या भिंतीसमोर होते, मात्र पिस्तूल रिकामं आहे हे दर वेळी उघडून पाहिल्यावरच. जो मालक आठवड्यात झाडलेल्या छर्र्यांपेक्षा न झाडता केलेला सराव अधिक मोजतो आणि नेम जुळला नाही तर हात खाली घेतो, तोच या वस्तूचा खरा धनी. एवढा संयम ज्याला कंटाळवाणा वाटतो, त्यानं पिस्तूल न घेतलेलंच बरं.