भाषेला चिकटलेला धर्म

उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरात १९७१ साली ९ मुलांची एक शाळा सुरू झाली. माध्यम आयरिश. ही मुलं शॉज रोडवरच्या मोजक्या कुटुंबांतली. आईवडील इंग्रजीत वाढलेले. पण त्यांनी आयरिश शिकून घेतली, शेजारी शेजारी घरं बांधली आणि मुलांशी आयरिशच बोलायचं ठरवलं. सरकारी मान्यता मिळायला १९८४ उजाडलं. तोवर पालकांनीच पैसे उभे करून शाळा चालवली.

उर्दू शाळेत शिकवणाऱ्या मला हे वाचून हेवा वाटला. पट टिकवण्यासाठी आम्हाला दरवर्षी दारोदार फिरावं लागतं. "मॅडम, उर्दू पढके बच्चा क्या करेगा?" हे दर तिसऱ्या घरी ऐकायचं.

आयर्लंडमधल्या आईबापांनाही हाच प्रश्न पडला होता. १८३१ पासून तिथे राष्ट्रीय शाळा निघाल्या त्या इंग्रजी माध्यमाच्या. काही भागांत मुलांच्या गळ्यात काठी अडकवत. आयरिश शब्द निघाला की काठीवर खाच, आणि खाचा मोजून मार. यात घरच्यांचीही साथ असे. १८४५ नंतरच्या दुष्काळात लाखो लोक देश सोडून गेले. परक्या मुलखात पोट भरायचं तर इंग्रजी हवी, हे आईबापांना कळत होतं. त्यांना दोष कसा द्यायचा?

पुढे स्वतंत्र आयर्लंडमध्ये आयरिश ही राज्यघटनेनुसार पहिली अधिकृत भाषा झाली, शाळेत सक्तीचा विषय झाली. तरी २०२२ च्या जनगणनेत आयरिश येतं म्हणणारे सुमारे १८.७ लाख, आणि शाळेबाहेर ती रोज बोलणारे जेमतेम ७२ हजार. नुसत्या विषयाच्या तासानं भाषा जगत नाही. गेलस्कोल नावाच्या शाळांत म्हणूनच गणितही आयरिशमध्ये आणि मधल्या सुट्टीतलं भांडणही आयरिशमध्येच. इंग्रजीचं वाचन-लेखन थोडं मागाहून येतं. बहुतेक मुलांच्या घरी इंग्रजीच असल्यानं तीही बुडत नाही.

मला सगळ्यात जवळची वाटली ती पूर्व बेलफास्टची हकीगत. आयरिश म्हणजे कॅथलिकांची भाषा, असा तिथे शिक्का. लिंडा अर्विन या प्रोटेस्टंट बाईंनी त्याच वस्तीत आयरिशचे वर्ग सुरू केले. २०२१ मध्ये सगळ्या पंथांच्या मुलांसाठी आयरिश बालवाडी निघणार होती. विरोध झाला, ठरलेली जागा सोडावी लागली. बालवाडी दुसऱ्या जागी भरली, पण भरली.

हा शिक्का मला ओळखीचा आहे. उर्दू मुसलमानांची म्हणणारे भेटतात, तसेच "मुस्लिम असून तुमचं मराठी किती छान!" म्हणणारेही. दोघांच्या मनात भाषेला धर्म आहे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत ग्रंथ लिहिले, सेतुमाधवराव पगडींनी उर्दू काव्य मराठी वाचकांपर्यंत आणलं. कुणाची भाषा कुठली, हे त्यांना कुणी विचारलं असेल का?

बेलफास्टमध्ये १९९१ साली आयरिश माध्यमाची माध्यमिक शाळा निघाली, तीही ९ मुलांवर. आमच्या पहिलीत यंदा ११ आलीत. त्यांना 'अलिफ' आणि 'अ' दोन्ही गिरवायचे आहेत.