डोळ्यातले धागे

संध्याकाळी कारेलीबागेतल्या आमच्या गच्चीवरून रस्त्याकडे पाहिले की प्रत्येक दिव्याभोवती विस्कटलेले वलय दिसू लागले, तेव्हाच मोतीबिंदूची वेळ आली हे मी ओळखले. भय असे वाटले नाही. आताशा माणसे सकाळी शस्त्रक्रियेला जातात नि दुपारी घरी जेवायला येतात. सोबतीला दादा आला होता.

तरुण डॉक्टरांनी थेंब घालून उजवा डोळा तपासला, मला इकडेतिकडे पाहावयास सांगितले आणि ते थबकले. “काका, नानपणमां आंखे कंई वाग्युं हतुं?”

“ना,” मी म्हणालो. चौसष्ट वर्षे हेच उत्तर देत आलो होतो. दादाने टोलवलेली विटी डोळ्यावर बसली होती. तीन बोटे समोर धरून “किती?” असे त्याने रडवेल्या स्वरात विचारले, आणि मी अंदाजाने “दोन” म्हणालो. घरी मात्र खांबाला धडकल्याचे सांगितले.

डॉक्टर समजावू लागले. डोळ्यातले भिंग चहूबाजूंनी अतिशय बारीक तंतूंनी टांगलेले असते. त्सिन या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १७५५ साली त्यांचे वर्णन केले. माझे भिंग डोळा हलताच थरथरत होते, म्हणजे एका बाजूचे तंतू तुटलेले असावेत. हे आधी न कळता शस्त्रक्रिया केली तर भिंग आवरणासकट डोळ्याच्या तळाशी घसरू शकते.

गंमत अशी, की पूर्वी हेच तंतू मुद्दाम तोडीत. सुश्रुतसंहितेतल्या पद्धतीत भिंग शलाकेने बाजूला सारीत. १९५८च्या सुमारास बार्सिलोनाच्या होआकिन बाराकेर यांनी तर ते विरघळवणारे पाचकद्रव्य वापरात आणले. तेव्हा भिंग आवरणासह काढून टाकीत आणि आमच्या आजीसारख्यांच्या नाकावर जाडजूड चष्मा येई. आता कृत्रिम भिंग त्याच आवरणात बसवायचे असते. मग आवरणाला धरून ठेवणारे तंतू नकोत कसे?

“वाग्युं हतुं, डॉक्टरसाहेब,” दादा मध्येच म्हणाला आणि पुढचे मराठीतच बोलून गेला, “विटी माझी होती.”

डॉक्टरांनी मान डोलावली. त्यांना दोष कोणाचा हे नको होते, घाव कुठे बसला तेवढे हवे होते. त्यांनी एक कडे तयार ठेवले. प्लास्टिकचे, केसासारखे बारीक, एका ठिकाणी उघडे. १९९०नंतर प्रचारात आलेले हे कडे आवरणाच्या आत सरकवले की ते आवरण गोल ताणून धरते आणि एकाच बाजूवर येणारा ओढा सगळ्या तंतूंवर वाटला जातो. तुटलेला भाग साधारण तृतीयांशाच्या आत असला तर एवढ्यावर भागते. अधिक असला तर वेगळ्या घडणीचे कडे टाका घालून डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीला बांधावे लागते. माझे साध्या कड्यावर निभावले. पाण्याचा जोर कमी ठेवून, भिंगाचा गाभा न ढकलता काम करायचे, म्हणून वेळ मात्र बराच लागला. बाहेर दादाने चहासुद्धा घेतला नाही, असे सूनबाईंनी मागाहून सांगितले.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. दादा समोर उभा होता, हात पुढे धरून.

“किती?”

“तीन,” मी म्हणालो. या वेळी मोजून.