वायफायचा पासवर्ड

आमच्या फतेहगंजच्या घराचा वायफाय पासवर्ड अख्ख्या मजल्याला पाठ होता. मम्मीच सांगायची. असाइनमेंट जमा करायच्या रात्री नेट रांगायला लागलं, म्हणून राउटरची यादी पाहिली: चौदा डिव्हाइस, आमचे चारच. मी चिडले.

"पाण्याला कुणी नाही म्हणतं का?" मम्मी म्हणाली.

मग तिला २००८ ची गोष्ट सांगितली. २६ जुलैला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी आलेल्या धमकीच्या ईमेलचा माग पोलिसांना नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटपर्यंत घेऊन गेला. तिथलं वायफाय उघडं होतं. मेल भलत्याच कुणी पाठवली, पण चौकशी झाली ती तिथे राहणाऱ्याची.

मम्मी गप्प झाली. त्याच रात्री वायफायचा आणि राउटरच्या ॲडमिनचा, दोन्ही पासवर्ड बदलले. डब्ल्यूपीएस बंद केलं. गेस्ट नेटवर्क ठेवलं नाही. त्याचाही माग आमच्याच दारी येणार.

शेजारच्या काकी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मीच जाऊन सगळं समजावलं. आता त्यांची दहावीतली मुलगी संध्याकाळी आमच्याच टेबलावर अभ्यासाला बसते. पासवर्ड मी टाकून देते, चहा मम्मी देते. आधी मला तिचं नावही माहीत नव्हतं.