शक्तिमान, मुक्काम घाटंजी

तो पहिल्यांदा आला १३ सप्टेंबर १९९७ ला, शनिवारी. पोळा फुटून गेला होता, घरोघरी गणपती बसले होते आणि शेतात पऱ्हाटीला पात्या-फुलं धरली होती. शनिवारी शाळा सकाळची. ती सुटायची आणि त्याची यायची वेळ जवळजवळ एकच. पोरं दप्तरासकट, ज्याच्याकडे टीव्ही असेल त्याच्या घरात शिरायची. चपला बाहेर काढायच्या आणि मधे बोलायचं नाही, एवढंच घरधनिणीचं म्हणणं असे. केबल फार थोड्या घरांत होती. बाकी सगळ्यांचा भरवसा दूरदर्शनवर आणि छपरावरच्या अँटेनावर.

अंगाने तो भरलेला, उंच, छाती पुढे काढून उभा राहणारा. पोशाख लालसर, त्यावर सोनेरी पट्टे, छातीवर गोल चक्र. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या घाटंजीत मात्र बऱ्याच घरांत तो काळा-पांढराच होता. त्याचे रंग पोरांना कळले ते वह्यांवर चिकटवलेल्या स्टिकरवरून. एक हात वर करून तो भिंगरीसारखा गरगरत यायचा, आणि तो आला की ओसरीतली सगळी पोरं गप्प व्हायची.

आवाज तेवढा सगळ्यांच्या ओळखीचा होता. शक्तिमान झालेल्या मुकेश खन्ना यांना गावाने आधी बी. आर. चोप्रांच्या ‘महाभारता’त भीष्म म्हणून पाहिलं होतं. समोर उभा ठाकलेला तमराज किल्विष म्हणजे सुरेंद्र पाल, त्याच महाभारतातले द्रोणाचार्य. कुरुक्षेत्रावर एकाच बाजूने लढलेले दोन म्हातारे इथे एकमेकांचे वैरी झाले होते. त्यामुळे घरातली मोठी माणसंही जाता जाता दाराशी टेकायची आणि पोरांबरोबर भाग संपेपर्यंत तिथेच राहायची.

उडण्यात तो कमी पडायचा, हे मान्य करायला हवं. तो एकीकडे आणि मागचं आभाळ दुसरीकडे, हे चौथीतल्या पोरालाही दिसे. आगीचे लोळ, राक्षसांचे मुखवटे, सगळंच बेताचं. तरी पोरं हलत नसत. का हलत नसत, याचं उत्तर मला त्या पडद्यापेक्षा पडद्याबाहेर जास्त सापडतं.

आमच्या तालुक्यात त्याचा अख्खा भाग पाहायला मिळणं हेच नशीब होतं. ऐन मारामारीत लाइन जायची. कोणाकडे ट्रॅक्टर असला तर त्याची बॅटरी काढून आणून पोर्टेबल टीव्हीला जोडायची, नाही तर उठून घरी जायचं. दिवाळीच्या पुढे-मागे कापूस फुटला की शाळा सुटलेली पोरं सरळ वेचणीला जात. कंबरेला ओटी बांधलेल्या पोराला शक्तिमान कुठला? मग ज्याने पाहिला तो सोमवारी मधल्या सुट्टीत सांगायचा. भोवती कोंडाळं जमे. ‘मंग काय झालं बे?’, ‘सांग ना बे पुढचं!’ सांगणारा उभं राहून सांगे, किल्विषचा आवाज काढे, चार गोष्टी पदरच्या घाली. तीच गोष्ट संध्याकाळी बंजाऱ्यांच्या तांड्यावर गोरमाटीत जाई, कोलामांच्या पोडावर कोलामीत जाई. हिंदीत आलेला हा पाहुणा रात्रीपर्यंत तीन-चार बोल्यांतून फिरून आलेला असे. किती तरी पोरांनी शक्तिमान पाहिला कमी आणि ऐकला जास्त. आणि ऐकूनही तो तेवढाच आवडला.

सुपरहिरोची मालिका बघण्याजोगी कशाने होते, हे मला इथेच कळतं. उडणं सांगता येत नाही. ‘मग तो उडाला’ म्हटलं की संपलं. सांगता येतो तो माणूस, त्याची अडचण आणि त्याचा वैरी. या तिन्ही बाबतींत शक्तिमान श्रीमंत होता.

माणूस म्हणजे गंगाधर, शक्तिमानचंच रोजचं रूप. पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री. हे नाव एका दमात म्हणून दाखवणं ही पोरांमधली पैज असे. पुढे आलेले दात, जाड चष्मा, चापून बसवलेले केस, ‘आज की आवाज’ या दैनिकात फोटोग्राफर. गीता विश्वास तिथलीच वार्ताहर. ही भूमिका आधी किटू गिडवानींनी केली, मग वैष्णवी महंत यांनी. तिला शक्तिमान हवा असतो आणि तिच्या शेजारी बसलेला गंगाधर तिच्या खिजगणतीतही नसतो. सांगणाऱ्या पोराला हा भाग फार आवडे, कारण ऐकणाऱ्यांना गुपित ठाऊक असायचं आणि गीताला नसायचं. वर्तमानपत्राची नोकरी सुपरमॅनकडून उसनी आणलेली आहे, हे उघड दिसतं. पण सुपरमॅन शक्ती घेऊनच दुसऱ्या ग्रहावरून आला. शक्तिमानला ती सूर्यांशी नावाच्या साधूंच्या हाताखाली साधना करून मिळवावी लागली: पंचमहाभूतं, सात चक्रं, कुंडलिनी. त्याचे महागुरू झाले होते टॉम ऑल्टर. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातली कुंडलिनी कीर्तनातून ऐकलेल्या आजोबांना यात परकं काहीच वाटलं नाही. शक्ती कमवावी लागते आणि तिला नेम पाळावे लागतात, हे एकदा ठरलं की नायक अडचणीत येऊ शकतो. अडचणीत न येणाऱ्या नायकाची गोष्ट कोण ऐकेल?

वैरीही तसाच पक्का. किल्विषला काय हवं आहे, हे शोधत बसावं लागत नसे. त्याला अंधार हवा होता आणि तो ते दर वेळी म्हणून दाखवायचा: ‘अंधेरा कायम रहे.’ संध्याकाळी लाइन गेली की घाटंजीच्या गल्लीगल्लीतून पोरं हेच ओरडायची. अंधाराची धास्ती त्या ओरडण्यात विरून जाई.

गोष्ट संपल्यावरही तो लगेच जात नसे. ‘छोटी छोटी मगर मोटी बातें’ हा त्याचा निरोपाचा भाग. एखादं पोर चुकलेलं असे, तो त्याच्याशी बोले, आणि ते म्हणे, ‘सॉरी शक्तिमान.’ काही जणांना हा उपदेश वाटतो. मला त्यातलं दुसरं काही मोलाचं वाटतं. एवढा बलवान माणूस न ओरडता, हात न उचलता एका लेकराशी बोलतोय, हे त्या काळात घरी आणि शाळेत क्वचितच पाहायला मिळे. त्याची नक्कल करताना मुलांनी जीव धोक्यात घातल्याच्या बातम्या छापून आल्या, तेव्हा ‘असं करू नका’ हे त्याने स्वतः पडद्यावरून सांगितलं. मालिकेने आपल्या प्रेक्षकाची जबाबदारी घ्यावी ती अशी.

पुढे तो लांबला. शनिवारचा तो रविवारी दुपारी येऊ लागला, खलनायक वाढत गेले, किल्विषचा धाक पातळ झाला. ओसरीतली पोरं कॉलेजात गेली. २७ मार्च २००५ ला तो थांबला. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत दूरदर्शनने त्याला परत आणलं, आणि त्याच पोरांनी तो आपल्या पोरांना दाखवला.

आता घाटंजीतही मोबाइलवर जगभरचे सुपरहिरो येतात. त्यांचं उडणं बिनचूक आहे, शहरं कोसळतात ती खरीच वाटतात. त्यांतल्या काही मालिका उत्तम आहेत. ‘डेअरडेव्हिल’मधला आंधळा वकील मार खातो, दमतो, कोर्टात उभा राहतो, म्हणून तो लक्षात राहतो. बाकीच्या पुष्कळशा मालिकांमध्ये दोन तास गेले तरी नायकाला काय दुखतंय ते कळत नाही. त्या बघण्यात वेळ घालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुमच्या घरातलं पोर एखादी मालिका पाहून उठलं की त्याला ती सांगायला लावा. घरी जी बोली असेल तिच्यात, अगदी सुरुवातीपासून. ते रंगून सांगू लागलं तर पुढचा भाग त्याच्याबरोबर बसून बघा. आणि ते सांगत असताना तेवढा वेळ आपला मोबाइल बाजूला ठेवा.