बदला आणि न्याय

२३ सप्टेंबर २०२४च्या संध्याकाळी बदलापूर प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेल्याची बातमी आली, तेव्हा मी उत्तरपत्रिका तपासत होतो. क्षणभर बरे वाटले. हे कबूल करूनच पुढे लिहायला हवे.

मग मुंबईत ‘बदला पुरा’ असे फलक लागले. बदलापुरात पेढे वाटल्याचेही वाचले. श्लेष हा अलंकार मी वर्गात इतकी वर्षे शिकवतो. पण खटला उभा राहण्याआधीच त्याचा निकाल लावून टाकणारा श्लेष प्रथमच पाहिला.

त्याच वर्षी २० ऑगस्टला बदलापूर स्थानकात रुळांवर उतरलेल्या जमावाला मात्र मी नावे ठेवणार नाही. जेमतेम चार वर्षांच्या मुलींच्या आईबापांना नुसती तक्रार नोंदवण्यासाठी पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावे लागले होते. लोक उगाच जमले नव्हते. पण आरोपी मेला आणि तो संतापही ओसरला. त्याच्या मृत्यूला पाच पोलिसांना जबाबदार धरणारा दंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल जानेवारी २०२५मध्ये उच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा आमच्या प्राध्यापक-कक्षात त्यावर कुणी अवाक्षर काढले नाही. मीही नाही.

या निमित्ताने मला कुलाब्याचे अँकरेज प्रकरण पुन्हा आठवले. फुटपाथवरच्या मुलांसाठी चालवलेल्या त्या निवाऱ्यातल्या अत्याचारांची तक्रार २००१ साली झाली. २००६मध्ये सत्र न्यायालयाने डंकन ग्रँट आणि अ‍ॅलन वॉटर्स या दोघा ब्रिटिशांना सहा वर्षांची शिक्षा दिली. २००८मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. मुलांची साक्ष त्या न्यायालयाला विश्वासार्ह वाटली नाही. २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीच साक्ष ग्राह्य धरली आणि शिक्षा कायम केली. दहा वर्षे! साक्ष देणारी मुले एव्हाना पुरुष झाली असतील. त्यांच्यासाठी कुणी लोकल अडवली नाही, निकालानंतर पेढेही वाटले नाहीत. शाळेच्या गणवेशातल्या मुलीत आपल्याला आपली मुलगी दिसते, गेटवेपाशी हात पसरणाऱ्या पोरात कुणीच दिसत नाही, एवढाच काय तो फरक. आणि तरीही, ज्याला न्याय म्हणावे असे काही घडले ते याच दुर्लक्षित, कंटाळवाण्या प्रकरणात; त्या मुलांचे म्हणणे शेवटी एका न्यायालयाने खरे मानले.

त्यांचे म्हणणे खरे मानणे, हे मला अधिक टोचते. नोकरीच्या सुरुवातीला मी एका तालुक्याच्या गावी वसतिगृह असलेल्या शाळेत मराठी शिकवत असे. ‘माझे वसतिगृह’ या विषयावर निबंध लिहायला दिला होता. सातवीतल्या एका मुलाने लिहिले होते की दिवे मालवल्यावर सर येतात, तेव्हा मी झोपल्याचे सोंग करतो. बाकी सगळे जेवण, प्रार्थना, खेळाचे मैदान. मी ‘प्राथना’वर रफार दिला, ‘मैदान’चा न मोडका होता तो दुरुस्त केला आणि दहापैकी सहा गुण दिले. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो मुलगा परत आला नाही. घरची आठवण येत असेल, असे मुख्याध्यापक म्हणाले. मला ते पटले, किंवा पटवून घेणे सोयीचे होते.

त्या वाक्याचा अर्थ कदाचित अगदी साधा असेल. सर कदाचित पांघरूण नीट करायलाच येत असतील. पण मी त्याला विचारले नाही. वही परत देताना तो माझ्या टेबलाशी थोडा रेंगाळला होता, एवढे मात्र नक्की आठवते.